उभ्या आणि चालत्या

हॉटेलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत बायका दोनच तऱ्हेच्या होत्या: उभ्या आणि चालत्या.

पलंगाची मोठी चादर एकटीच्यानं घडी होत नाही. दोघी समोरासमोर राहून ती ताणून धरतात. मग उभी असते ती जागची हलत नाही. चालती असते ती आपली दोन टोकं घेऊन तिच्यापर्यंत येते, टोकं तिच्या हातात देते, खाली वाकून लोंबणारी घडी उचलते आणि पुन्हा मागं जाते. पुन्हा येते, पुन्हा जाते. दिवसभर. कोण उभी आणि कोण चालती हे कामाच्या पहिल्या दिवशी जे ठरतं ते ठरतं. नवराबायकोत पलंगाची भिंतीकडची बाजू कुणाची हे जसं ठरतं, तसंच. पुढं कुणी विचारत नाही, कुणी बदलत नाही.

आपली गोष्ट चालतीची आहे. तिला अख्खी लॉन्ड्री वहिनी म्हणायची, कारण तिच्यासमोर चादर धरून उभी असायची ती तिची सख्खी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. तिला मग आपोआप सगळ्या नणंदबाई म्हणायला लागल्या. पार मॅनेजरसुद्धा. आणि ही वहिनी-नणंदबाईंची जोडी लॉन्ड्रीत सगळ्यांत वेगवान होती, कारण त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

भांडण कुकरच्या शिट्टीवरून झालं होतं. नणंदबाईंनी कुकर नेला तो शिट्टीसकट आणि आणून दिला तो शिट्टीशिवाय. वहिनीनं विचारलं शिट्टी कुठंय, नणंदबाई म्हणाल्या नव्हतीच. मग शब्दानं शब्द वाढला. नणंदबाईंनी वहिनीचं माहेर काढलं. वहिनीला नणंदबाईंचं माहेर काढता येईना, कारण ते तिचंच सासर. हा अन्याय तिच्या जिव्हारी लागला आणि तिनं बोलणंच टाकलं.

तर दिवसातून शंभरदा नाकासमोर नाक यायचं, हाताला हात लागायचा, आणि तोंडातून चकार शब्द नाही. बोलायची ती चादर. एक हिसका म्हणजे डाग राहिलाय, बाजूला टाक. दोन हिसके म्हणजे फाटलीय. लांबलचक ओढ म्हणजे आज काय झोपेतच आलीस का? वर्षानुवर्षांच्या हिसक्यांत दोघींनी एकमेकींना इतकं सुनावलं होतं, की तोंडानं भांडणाऱ्यांना सात जन्मांत जमलं नसतं.

मग साथ आली.

हॉटेल बंद म्हणजे गाव बंद. गावात दुसरं होतंच काय? पाहुण्यांसाठी टॅक्सी, पाहुण्यांसाठी फुलं, पाहुण्यांसाठी अंडी, पाहुण्यांसाठी लॉबीत पियानो. एका सकाळी पाहुणे बॅगा ओढत निघून गेले आणि गावाच्या पोटावर पाय देऊन गेले. थोडे दिवस सगळे घरात बसले, मग सगळे एकदमच धंद्याला लागले. टॅक्सीवाला टॅक्सीतून भाजी विकायला लागला. पियानोवाला सायकलवर अंडी विकायला लागला. अंडी हवीत का हे तो इतक्या नाजूक आवाजात विचारायचा की लोकांना वाटायचं कुणीतरी वारलंय. फुलवाल्यानं मास्क शिवले. टॅक्सीवाल्यानं मास्क घेतला, फुलवाल्यानं अंडी घेतली, पियानोवाल्यानं भाजी घेतली, आणि लवकरच सगळ्यांच्या लक्षात आलं की गावात एकच नोट फिरतेय आणि प्रत्येक फेरीत आणखी मळतेय.

वहिनीचा नवरा त्याच हॉटेलात दरवान होता. उंचापुरा, ताठ कण्याचा, मिशा अशा की पाहुणे आधी मिशांना नमस्कार करायचे. गल्लीत त्याला दरवानसाहेब म्हणायचे. घरी बसला तरी त्याची सवय जाईना. वहिनी स्वयंपाकघराकडे निघाली की हा धावत पुढं जाऊन दार उघडायचा. न्हाणीघराकडे निघाली की दार उघडून शिवाय मानही झुकवायचा. शेवटी वहिनीनं वैतागून घरातली सगळी दारं सताड उघडी ठेवली, तर तो दोन दिवस जेवला नाही.

"अहो, जेवा की," ती म्हणाली.

"भूक कशाची लागणार?" तो म्हणाला. "काम कुठं काय केलंय?"

साथ ओसरली आणि हॉटेल पुन्हा उघडायची बातमी आली. दरवानसाहेबानं गणवेश उन्हात टाकला, बटणं घासली, मिशा कातरल्या. पण हॉटेलनं दरवानाला बोलावलंच नाही. त्याच्या जागी आपोआप उघडणारं काचेचं दार बसवलं होतं. दाराला हात लावावा लागत नाही, रजा लागत नाही, आणि साथ त्याला होत नाही, असं मॅनेजरनं फोनवर समजावून सांगितलं.

तेव्हापासून दरवानसाहेब रोज सकाळी कपडे करून निघायचा आणि हॉटेलसमोरच्या फुटपाथवर उभा राहून दिवसभर त्या दाराकडं बघत बसायचा. संध्याकाळी येऊन हकिगत सांगायचा. आज वाऱ्यानं उघडलं. आज कबुतरासाठी उघडलं. आज एका म्हातारबुवांसाठी उघडलंच नाही, ते आत जातायत असं दाराला वाटलंच नाही. बोलताना त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान असायचं, जसं काही शेजाऱ्याचा पोरगा नापास झालाय.

लॉन्ड्रीतल्या मात्र अर्ध्या बायकांना बोलावणं आलं. अर्ध्या म्हणजे कोण? तर सगळ्या उभ्या. चालत्यांपैकी एकीलाही नाही.

त्याचं असं झालं होतं. हॉटेल बंद होतं तेव्हा मालकांनी खर्च कमी करायला एक सल्लागार नेमला होता. तो लांबच्या शहरात आपल्या घरी बसून हॉटेलच्या कॅमेऱ्यांतली जुनी चित्रणं बघायचा आणि कुठं काय कापता येईल ते सांगायचा. लॉन्ड्रीचं चित्रण त्यानं तीनतीनदा बघितलं म्हणे. मग कळवलं की इथल्या अर्ध्या बायका मन लावून एका जागी काम करतात. उरलेल्या अर्ध्या नुसत्या फिरतात. बरं, फिरून फिरून जातात कुठं, तर थेट काम करणारीच्या तोंडापाशी, म्हणजे साथीच्या दृष्टीनं तर घातकच. मॅनेजर लॉन्ड्रीत कधी उतरत नसे, खाली वाफेनं त्याच्या केसांचा भांग मोडायचा. त्यानं मान डोलावली, आणि फिरणाऱ्या सगळ्या घरी बसल्या.

वहिनी जाब विचारायला गेली. मॅनेजरनं तिला काचेच्या पलीकडं उभं केलं आणि विचारलं की तुम्ही नेमकं काय करायचात.

"मी चालायचे," वहिनी म्हणाली.

मॅनेजर इतका खूश झाला की त्याच्यानं खुर्चीत बसवेना. हेच तर सल्लागारही म्हणतोय, तो म्हणाला, आणि तुम्ही तर स्वतःच्या तोंडानं कबूल करताय.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगायचं तर नोकरी गेल्यापेक्षा तिला जास्त झोंबलं ते दुसरंच. नणंदबाई आत आणि ती बाहेर. आता नणंदबाई जन्मभर ऐकवणार, आणि तेही न बोलता.

मग रोजगार केंद्र आलं. साथीत ज्यांचं काम गेलं त्यांना पुन्हा कामाला लावायचं असं वरून ठरलं होतं, आणि त्यासाठी गावात एक मोठं ऑफिस उघडलं होतं. गंमत अशी की सगळ्या गावात नवीन नोकऱ्या निघाल्या त्या त्या ऑफिसातच, आणि त्याही बाहेरगावच्या लोकांना मिळाल्या. तिथल्या मॅडमनी वहिनीला बसवलं, पाणी दिलं, आणि तुमच्या अंगात काय कसब आहे ते सांगा म्हणाल्या. वहिनीनं चादरीचं सगळं सांगितलं. मॅडमच्या कॉम्प्युटरला चादर समजेना. त्याला फक्त चालणं समजलं.

त्यामुळं लॉन्ड्रीतल्या सगळ्या चालत्यांना चालायच्याच नोकऱ्या लागल्या. एक घरोघर पार्सलं पोचवायला लागली. एक दारोदार जाऊन लोकांना विचारायला लागली की तुम्हाला काम मिळालं का. लोक तिलाच विचारायचे की तुम्हाला कसं मिळालं, आणि ती म्हणायची हे विचारायचंच मिळालं. आणि वहिनीला लागला कुत्रा. टेकडीवरच्या बंगल्यातला, गुबगुबीत, पिंपासारखा. त्याला रोज फिरवून आणायचं, त्याचे जे काय चार पैसे देतील ते घ्यायचे. पण कुत्रा निघाला उभा. फाटकाबाहेर आला की चारी पाय रोवायचा. वहिनी पट्टा ओढायची, कुत्रा तिच्याकडं बघायचा. त्या बघण्यात तिला कुणाची तरी आठवण व्हायची आणि ती आणखी जोरात ओढायची.

केंद्राच्या फळ्यावर मात्र वहिनी कामाला लागलेल्यांत गेली. गाव सावरतंय असं वर कळवलं गेलं.

इकडं हॉटेलात काय झालं ते दरवानसाहेबामुळं घरबसल्या कळत होतं, त्याला आतले वेटर फुटपाथवर येऊन सांगायचे. पहिल्या दिवशी लॉन्ड्रीत उभ्या बायकांच्या जोड्या लावल्या. दोन्ही टोकांना उभ्या. चादर ताणली, आणि दोघी वाट बघत राहिल्या की समोरची येईल. समोरचीही वाट बघत होती. चहाची वेळ झाली तरी चादरी ताणलेल्याच. मॅनेजर भांगाची पर्वा न करता खाली धावला आणि म्हणाला अहो, कुणीतरी चला की. त्यावर प्रत्येक उभी समोरच्या उभीकडं बघायला लागली. आजवर आपल्याकडं लोक चालत आलेत, आपण कुणाकडं कधी गेलो नाही, असा त्यांचा रुबाब. मग एकदोघी चालल्या. पण चाललेल्या दोघी एकाच चादरीच्या निघाल्या. मधोमध एकमेकींवर आदळल्या आणि चादरीत अशा गुरफटल्या की सोडवायला स्वयंपाक्यांना बोलवावं लागलं.

तेव्हा सल्लागारानं लांबून उपाय सांगितला. चादरीचं एक टोक कपड्यांच्या ट्रॉलीला बांधा, आणि ट्रॉली ढकला. ती आपोआप उभीकडं येईल. लॉन्ड्रीची फरशी पाण्याच्या निचऱ्यासाठी उताराची होती, हे सल्लागाराला कॅमेऱ्यात दिसलं नव्हतं. ट्रॉली उभीकडं आली, तिला ओलांडून पुढं गेली, उघड्या दारातून मालवाहू लिफ्टमध्ये शिरली, वर कुणीतरी लिफ्ट बोलावली तशी लॉबीच्या गुळगुळीत फरशीवर सुटली आणि मागं पांढरी चादर फडकवत थेट मुख्य दरवाज्याकडं निघाली.

"आणि दार उघडलं," दरवानसाहेब सांगत होता. बोलताना त्याचा आवाज भरून आला. "ट्रॉलीसाठी उघडलं गं. अदबीनं उघडलं."

त्यानंतर मॅनेजरनं फतवा काढला की उभ्यांनी आळीपाळीनं चालायचं. झालं, दुसऱ्याच दिवशी लॉन्ड्रीत गुडघ्यांची साथ आली. एकजात सगळ्यांचे गुडघे एका रात्रीत गेले. कुणी कण्हतंय, कुणी लंगडतंय, कुणी चक्क काठी आणलीय. पाहुण्यांना चादरी मिळत होत्या त्या बोळे करून. एका पाहुण्यानं आपल्या पलंगावर मेलेलं जनावर आहे म्हणून आरडाओरड केली, ती उशीची खोळ निघाली.

हे ऐकून वहिनी पोट धरधरून हसली. मग नणंदबाईंचे गुडघे दुखतायत का, असं तिनं उगीचच विचारल्यासारखं विचारलं.

"छोटीचं काही कळलं नाही," नवरा म्हणाला. "विचारून येऊ का?"

"काही गरज नाही," वहिनी म्हणाली. "तुमच्या बहिणीला विचारायला गेलात, तर येताना दार तुमचं तुम्हालाच उघडावं लागेल."

अशात रोजगारसाहेब येणार असं ठरलं. रोजगारसाहेब म्हणजे सगळ्या भागातल्या रोजगार केंद्रांचे मोठे साहेब. साथीनंतर कामधंदा कसा पुन्हा सुरू झाला हे बघायला ते गावोगाव फिरत होते, आणि जिथं जातील तिथं कामगारांबरोबर फोटो काढत होते. आपल्या हॉटेलात त्यांना फोटो हवा होता तो लॉन्ड्रीतल्या बायकांचा. मोठ्या हॉलमध्ये बायका पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथची घडी घालतायत आणि साहेब कौतुकानं बघतायत. साहेब खूश झाले की हॉटेलला सरकारी मदत मिळणार होती, त्यामुळं मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं.

आदल्या दिवशी दुपारी तो वहिनीच्या घरी आला. दार दरवानसाहेबानंच उघडलं, आणि जुन्या सवयीनं मान झुकवली. मग कोण आलंय ते बघून त्यानं मान परत वर घेतली. पण झुकवलेली झुकवलीच होती, आणि त्याचं शल्य त्याला पुढं कितीतरी दिवस टोचत राहिलं.

मॅनेजर गोड गोड बोलला. वहिनी, तुमच्यासारखं चालणं कुणाचं नाही म्हणाला. फक्त उद्यापुरतं या. एक टेबलक्लॉथ, एक घडी, एक फोटो. दिवसाचे काय मागाल ते देतो.

"आणि परवा?" वहिनीनं विचारलं.

परवाचं परवा बघू, तो म्हणाला.

"मग उद्याचंही तुम्हीच बघा. यायच्या तर सगळ्या चालत्या येतील, आणि कायमच्या येतील. फोटोपुरती चालायला मी काय नवरी आहे?"

मॅनेजरचा गोडवा तिथंच आटला. उठता उठता तो म्हणाला की ठीक आहे, तुमच्यावाचून अडत नाही. नणंदबाई चालायला तयार आहेत. उद्या सगळ्यांसमोर त्या चालून दाखवतील. एकदा त्या चालल्या की बाकीच्यांचेही गुडघे बरे होतील, आणि मग चालती म्हणून कुणी लागणारच नाही, आज नाही आणि पुढंही नाही.

वहिनीनं नवऱ्याला सांगितलं, दार लावा. पण दरवानसाहेब नुसता उभा राहिला. उभ्या जन्मात त्यानं कुणाच्या तोंडावर दार लावलं नव्हतं, त्याचे हातच वळेनात. शेवटी तिनंच उठून धाडकन लावलं.

पण मॅनेजरचं बोलणं आतच राहिलं. खरं सांगत होता की थापा? नणंदबाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या. जाऊन एक वाक्य विचारायचं, बस. वहिनी चप्पल घालून फाटकापर्यंत गेलीसुद्धा. पण बोलायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची? मधे इतकी वर्षं पडली होती, आणि त्या सगळ्याच्या बुडाशी ती शिट्टी. ती चप्पल काढून घरात आली आणि रात्रभर कुशीवर वळत राहिली. नवरा म्हणाला, छोटी तशी नाही. ती म्हणाली, तुमची बहीण आहे म्हणून म्हणताय. तो म्हणाला, बहीण आहे म्हणूनच तर मला माहितीय. लहानपणी आई तिला घराबाहेर काढायची तर सगळं घर मागून ढकलायला लागायचं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये गाव लोटलं. लोटलं म्हणजे दोन दोन हात अंतर ठेवून लोटलं. रोजगार केंद्राच्या मॅडमनी पुन्हा कामाला लागलेल्यांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. त्यामुळं हॉटेलनं काढलेल्या सगळ्या चालत्या हॉटेलातच पहिल्या रांगेत बसल्या होत्या, छातीवर बिल्ले लावून. वहिनीच्या शेजारी कुत्राही होता. मॅडमच म्हणाल्या होत्या की कामासकट या.

समोर मोकळ्या जागेत नणंदबाई उभ्या होत्या. हातात टेबलक्लॉथची दोन टोकं. क्लॉथ इतका लांब की पलीकडची दोन टोकं धरलेली दुसरी उभी बाई हॉलच्या पार त्या कोपऱ्यात. मास्कमुळं नणंदबाईंचा चेहरा दिसत नव्हता. नुसते डोळे दिसत होते, आणि ते कुठंच बघत नव्हते.

रोजगारसाहेब आले. हसरे, गुटगुटीत, सगळ्यांना लांबून नमस्कार करणारे. त्यांनी चार शब्द सांगितले की हा भाग आता झपाट्यानं सावरतोय. मग कॅमेरेवाला सरसावला आणि मॅनेजरनं नणंदबाईंना हातानं खूण केली. चला.

वहिनीनं कुत्र्याचा पट्टा मुठीत आवळला.

नणंदबाई हलल्या नाहीत.

मॅनेजरनं पुन्हा खूण केली, जरा जोरात. नणंदबाई जशा होत्या तशा. मॅनेजर जवळ जाऊन कानात काहीतरी पुटपुटला. लोक म्हणतात नोकरी घालवीन म्हणाला, पण मास्कमधून नीट ऐकू आलं नाही. नणंदबाईंनी क्लॉथ जरासा आणखी ताणला, एवढंच. पलीकडची उभी तर त्यांच्याकडं बघून अशी उभी राहिली, जशी काही जमिनीतून उगवलीय.

रोजगारसाहेब मनानं चांगले होते. त्यांना वाटलं बायका बुजल्यात. मी मदत करतो म्हणत ते त्या कोपऱ्यात गेले, पलीकडची दोन टोकं आपल्या हातात घेतली आणि टाळ्यांच्या कडकडाटात नणंदबाईंकडं चालायला लागले. आणि दोन हातांवर येऊन थबकले. कारण खाली जमिनीवर पट्टी मारली होती, अंतर ठेवा म्हणून, आणि ती पट्टी त्यांच्याच ऑफिसानं मारली होती. पुढं जावं तर नियम मोडतो, मागं जावं तर फोटो जातो. क्लॉथ मधे झोळीसारखा लोंबायला लागला. साहेबांनी हात पुढं केले, पोचेनात. वाकून पाहिलं, तरी पोचेनात. कुत्रा उठला, झोळीपाशी गेला, आणि हे आपल्यासाठीच अंथरलंय असं समजून तिच्यात बसला.

"बाई," साहेब शेवटी म्हणाले, "एरवी हे कोण करतं?"

"ती करते," नणंदबाई म्हणाल्या, आणि हनुवटीनं वहिनीकडं दाखवलं. "माझी वहिनी. तिला फिरते म्हणून काढलंय. या पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना काढलंय, आणि आता आम्हाला चाला म्हणतायत. मी नाही चालणार. माझ्याकडं यायला माझं माणूस आहे."

 वहिनीला आपल्या कानांवर विश्वास बसेना. माझं माणूस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं आणि उघडलं ते असं. 

साहेब मॅनेजरकडं वळले. मॅनेजरचा चेहरा मास्कपेक्षा पांढरा. तो घाईघाईनं म्हणाला की साहेब, गैरसमज झालाय, वहिनी आपल्याच आहेत, या वहिनी, या ना.

वहिनी बसल्या जागेवरून म्हणाली, "मला काम आहे की साहेब. हा कुत्रा आहे. तुमच्याच केंद्रानं लावून दिलाय."

कुत्रा झोळीत आडवा झाला होता. रोजगारसाहेबांनी त्याच्याकडं बघितलं, मग पहिल्या रांगेकडं, मग छातीवरच्या बिल्ल्यांकडं. या सगळ्या इथं कामाला होत्या का, असं त्यांनी विचारलं.  पहिली रांगच्या रांग नुसती उठून उभी राहिली.

"एकटी नाही यायची मी," वहिनी म्हणाली. "या सगळ्या आल्या तर मी."

"सगळ्या या," मॅनेजर म्हणाला. कॅमेरेवाल्यानं कॅमेरा त्याच्याकडं वळवला होता. "सगळ्यांना घेतलंय. उद्यापासून सगळ्या कामावर."

वहिनी उठली. कुत्र्याला झोळीतून हुसकलं, साहेबांच्या हातातली टोकं घेतली आणि क्लॉथ ताणत हॉलच्या त्या कोपऱ्यापर्यंत मागं गेली. मग वळून नणंदबाईंकडं चालायला लागली. साहेबांचा चेहरा खुलला, कॅमेरेवाला गुडघ्यावर बसला. निम्म्या वाटेत वहिनीनं मान वळवून मॅनेजरला विचारलं की पगार किती.

मॅनेजर चाचरला. म्हणाला, पगार सध्या सगळ्यांनाच अर्धा आहे वहिनी. परिस्थितीच तशी आहे. हळूहळू सावरेल.

वहिनी थांबली. हॉलच्या बरोबर मधोमध.

"मग अर्धंच चालणार," ती म्हणाली. "अर्ध्या पगारात एवढंच येतं."

 पलीकडच्या भोजनघरातून साहेबांसाठी केलेल्या जेवणाचा वास यायला लागला होता, आणि साहेब मधूनमधून तिकडं बघत होते. कॅमेरेवाल्याचे पाय अवघडले. वहिनी टोकं उंच धरून उभी राहिली, समोर नणंदबाई उभ्या, आणि या जोडीत पहिल्यांदाच दोन्ही बाजू उभ्या होत्या. मॅनेजरनं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी भोजनघराकडं बघितलं आणि म्हणाले की अहो, देऊन टाका ना.

"जुना पगार," मॅनेजर पुटपुटला.

"मागं ऐकू गेलं नाही," नणंदबाई म्हणाल्या.

"जुना पगार. सगळ्यांना. उभ्यांना पण."

मग वहिनी चालली. पण तिनं घाई केली नाही. एकेक पाऊल असं टाकत गेली, जशी काही बाजारातून कोथिंबीर निवडत चाललीय. जमिनीवरची पट्टी आली, ती तिनं ओलांडली. नाकासमोर नाक आलं.

"किती हळू चालतेस गं," नणंदबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "हात गळून पडले माझे."

"पगारी चालतेय नणंदबाई," वहिनी म्हणाली. "आता घाई कसली?"

आणि टोकं तिच्या हातात देऊन ती घडी उचलायला खाली वाकली.